शेवटच्या घासाची गोष्ट

कमल वं,

तू गेली त्याले महिना होत आला, अन् मी आता कागद घेऊन बसली. हसू नको. चौथीपर्यंतची शाळा माझी, त्यातही अर्धे दिवस तुले कडेवर घेऊन घरीच. पण मले इतका आनंद झाला का कोणाले तरी सांगतल्याशिवाय राहवत नाही, अन् ही गोष्ट समजंन अशी तू एकलीच. आपल्या सोनलचं लग्न मोडलं!

नातीचं लग्न मोडलं अन् आजी पेढे वाटून राहिली, असं शेजारच्या बायका म्हणतात. म्हणू दे. जरीपटक्याच्या बाजारात मी स्वतः गेली. दुकानदार म्हणे, काय आजी, नातीचं जमलं का? म्हटलं, नाही गा, वाचली.

एक पेढा तुझ्या फोटोपुढं ठेवला. फोटो माझ्या कपाटातच आहे, दिलीपनं भिंतीले लावू दिला नाही. माझ्या पोराचंही काय चुकते? खुनाची सजा भोगून आलेली मावशी कोण भिंतीले लावते?

काहून केलं वं तू तसं? सावनेरले तुले दिली तेव्हा किती नटली होती! सासू तोंडाची कडक होती, मान्य. पण कोणाची नसते? माझी तर चिमटे काढे. तुझी म्हातारी गेली तेव्हा आम्ही सगळ्या रडलो, उन्हानं गेली म्हणून. मग काही वर्षांनी तुझा नवरा गेला. तो तर गरीब माणूस होता, कमल. तुले सायकलवर बसवून यात्रेले न्यायचा. त्याच्या ताटात कपाशीवर फवारायचं औषध घालताना तुले ती सायकल आठवली नाही का?

जेलातून तू माझ्याकडं राहायले आली तेव्हा मी हेच विचारलं होतं. तू नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, सासूचं खपून गेलं ना, म्हून. कोणाले काही समजलंच नाही. मग साधं भांडण झालं तरी मले तेच दिसे."

त्या दिवसापासून मी तुले चुलीजवळ जाऊ दिलं नाही. वाईट वाटलं असंन तुले. पण तूही कधी उठून आली नाही. चहासुद्धा दारात बसून मागून घेतला.

अन् दारात बसल्या बसल्याच तू सोनलले पाहायले आलेली माणसं पाहली. सदर बाजारात कापडाचं दुकान, एकुलता एक पोरगा, दिसायले बरा. सोनलले तो आवडलाही होता. पहिली बायको वर्षाच्या आतच गेली, ते त्याच्या आईनं लपवलं नाही. स्वतःच सगळं सांगतलं. सून किती गुणाची होती, त्या सकाळी केस धुतले, हिरवी साडी नेसली, दुपारी पोटात दुखायले लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपली. सांगता सांगता रडली बिचारी. मीही रडली, दिलीपची बायकोही रडली. तुझे डोळे तेवढे कोरडे.

ते लोक गेल्यावर तू म्हणाली, "बाई, पोरगी देऊ नका."

म्हटलं, काहून?

"साडीचा रंग सांगतला तिनं. शेवटचं काय खाल्लं ते नाही सांगतलं."

दिलीप असा भडकला! म्हणे, मावशी, तुले सगळे आपल्यासारखेच दिसतात का? तू मान खाली घातली. तो आत गेल्यावर हळूच म्हणाली, "मीही नव्हतं सांगतलं."

खरं आहे वं. मयतीच्या घरी बसायले गेलं का बायका आधी हेच विचारतात. अन् घरची बाई न विचारताही सांगते, एवढी भाकर खाल्ली, वरून ताक मागतलं. दहा वेळा सांगते. तुझा नवरा गेला तेव्हा तू त्याच्या सदऱ्याचं सांगतलं, बोलण्याचं सांगतलं, ताटाचं नाही. शेजारच्या काकूले तेच खटकलं अन् गोष्ट पोलिसात गेली.

दिलीपनं तरी लग्न पक्कं केलं, अन् मग तूच गेली. डॉक्टर म्हणे, हृदय थकलं होतं. सदरचे मायलेक आपल्याकडं बसायले आले. रीतीप्रमाणं मुलाच्या आईनं विचारलं, काय जेवल्या होत्या शेवटचं? म्हटलं, दूधपोळी, त्यातली अर्धी सोडली. अन् लगेच विचारलं, तुमच्या सुनेनं काय खाल्लं होतं हो?

"काही नाही. उपाशीच होती."

मुलगा मोबाइल पाहत होता. तो तसाच म्हणाला, "नाही ना आई, तूच तर खीर चारली होती तिले."

तिनं पोराकडं पाहलं. त्या पाहण्यानं माझ्या अंगावर काटा आला, कमल. सोनल चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला अन् म्हणाली, मले हे लग्न करायचं नाही.

दिलीप दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन आला. ते म्हणाले, पुरावा आणा. पुरावा कुठचा, त्या पोरीची तर राख झाली. माझं चुकतही असंन. दुःखात एखादी बाई खरंच विसरत असंन.

पण काल समजलं, त्यांनी दुसरी पोरगी पाहली. सावनेरकडची. साखरपुड्याची घाई करून राहिले. एकदा खपलं का काय होते, ते तुझ्याकडून ऐकलं आहे मी. तेव्हापासून पेढ्याचा डबा मी बंदच ठेवला.

उद्या सकाळच्या बसनं मी त्या पोरीच्या घरी जाणार आहे. दिलीप म्हणते, आई, ते तुले वेडी म्हणतील. म्हणू दे. पोरीची आई विचारंन, तुम्हाले कसं समजलं? आजवर मी सगळ्याइले सांगत आली का तू आमची दूरची कोणी होती. सदरवाल्याइलेही तेच सांगतलं. उद्या नाही सांगणार. वचन देते तुले. उद्या म्हणीन, जिनं दोघाइले जेवणातून मारलं, तिची मोठी बहीण मी. तिनंच मले ओळखायले शिकवलं.

तुझी सख्खी बहीण,
शांता