गिरणी वरच्या पाड्यालाच

६ नोव्हेंबर
आमचं साखरशेत आता नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या गावांच्या खोडाळ्याच्या संघात जाणार. नव्याने येणाऱ्या गावाला संघ पहिल्या वर्षी विकास निधी देतो, म्हणजे मागे पडलेलं गाव बाकीच्यांच्या बरोबरीला येतं. आपल्याला गिरणी मिळेल. युरोपातही हेच. गरीब देश संघात नवे आले की त्यांना रस्त्यांसाठी, पुलांसाठी निधी. एम.ए.ला हा माझा खास विषय होता. पेपर राहिला तो आजारपणामुळे. गावात हे समजणारा मी एकटाच, त्यामुळे समन्वयक व्हावं लागेल. इलाज नाही.

९ नोव्हेंबर
समन्वयक झालो. एकमताने. दुसरं कोणी उभं नव्हतं. उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

१० नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ
उठलो. थंडी फार.

१४ नोव्हेंबर
गिरणीच्या जागेचा निःपक्षपाती विचार केला. गावाच्या दोन पाड्यांपैकी वरचाच योग्य. रस्त्याला लागून, जीप थेट येते. जागा नेमकी आमच्या ओट्यासमोर आहे, हा योगायोग. बायको, वर्षा, म्हणाली, खालच्या पाड्याच्या बायकांनी डोक्यावर दळण घेऊन एवढा चढ चढायचा का? तिची मोठी बहीण सुकरी खाली राहते, म्हणून हिचा कल तिकडे. आपलं माणूस बघून निर्णय घेणं मला जमत नाही.

१९ नोव्हेंबर
गावाची बैठक. मी युरोपपासून सुरुवात केली. मग सुकरीताई उठली.
"हेमंत, त्या देशांत निधी आला तो कोणाच्या ओट्यापुढं उतरला?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझा चुलतभाऊ जिव्या माझी बाजू घ्यायला गेला आणि म्हणाला, पटत नसेल तर येऊ नका. खालचा पाडा उठून गेला. सगळा.

२१ नोव्हेंबर
नागली झोडायला दरवर्षी खालची माणसं येतात. यंदा कोणी नाही. वर्षा एकटीच झोडतेय, माझ्याशी बोलत नाही. माझी पाठ धरली आहे, म्हणून देखरेख करतो. संघाची अट अशी की गाव एकमताने आलं पाहिजे. पाहणी पुढच्या आठवड्यात. उद्या खाली जाऊन मिटवतो.

२२ नोव्हेंबर
गेलो नाही. लगेच झुकलं की लोक डोक्यावर बसतात.

२६ नोव्हेंबर
गेलो. ओढ्यापर्यंत. पलीकडे बायका-माणसं दगड उचलून जागा सपाट करत होती. लग्नाचा मांडव असावा. मला बघून सगळे थांबले. येसू, सुकरीताईचा नवरा, पहार हातात घेऊन नुसता बघत राहिला. कोणी ये म्हणालं नाही. छातीत धडधडलं. रक्तदाब असणार. परत आलो.

२८ नोव्हेंबर
पाहणी. संघाच्या अध्यक्ष जानकीबाई आल्या. खुर्ची, हार, सगळं तयार. त्यांनी विचारलं, खालचा पाडा कुठे आहे? म्हटलं, ते कामात आहेत, आणि वाट वाईट आहे. त्या म्हणाल्या, मग वाटच बघू. उतरून गेल्या. वर्षाही त्यांच्यामागे. मी खुर्चीशी थांबलो. कोणीतरी थांबायला हवं.
संध्याकाळपर्यंत वर कोणी आलं नाही.

५ डिसेंबर
निर्णय आला. संघाने खालच्या पाड्याला स्वतंत्र सभासद करून घेतलं. जागा त्यांनी आधीच सपाट केली होती. गिरणी तिथेच. म्हणजे माझं धोरण निम्मं यशस्वी. वरच्या पाड्यासाठी पुढच्या वर्षी नव्याने लढू. जिव्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याने सुकरीताईची माफी मागितली आहे. कमकुवत माणूस.

१२ जानेवारी
गिरणी चालू. आवाज वरपर्यंत येतो. वर्षाला सांगितलं, त्या गिरणीत पाऊल ठेवणार नाही. ती म्हणाली, पाऊल नको ठेवूस, पोतं बाहेरपर्यंत ने.
नेलं. पाठ आता बरी आहे. खाली सुकरीताई दारातच होती.
"सभासदांचं आधी, हेमंत. तू तिथं सावलीला बस."
बसलो. वेळ गेला. भूक लागली. तिने भाकर आणून दिली, त्याच गिरणीच्या पिठाची. घ्यायची नाही असं ठरवलं होतं.
दोन खाल्ल्या.