प्रेसवरचं कुंकू

अण्णा, परवा आमच्या कंपनीत खंडेनवमीची पूजा झाली. मशीनना हार घातले, नारळ फोडले, पेढे वाटले. फॅक्टरी मॅनेजर म्हणून पहिला नारळ माझ्या हातून फुटतो, तसा यंदाही फुटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेरूळला घरी आल्यावर बायकोनं विचारलं, चेहरा का असा उतरलाय? मी म्हणालो, ॲसिडिटी. तुमच्यासमोर हे खपलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, "ॲसिडिटी पोटात असते लेका, तोंडावर नसते." म्हणून तुम्हालाच लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हात धजावलाय.

तुमची खंडेनवमी मला अजून दिसते. रबाळ्यातली ती तुमची कंपनी, पत्र्याची शेड, लेथच्या दोन रांगा. मी डिप्लोमाच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली यायला लागलो होतो आणि फोरमनचा मुलगा म्हणून जरा हवेतच होतो. तुमचा नियम असा की पूजेच्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं मशीन आपल्या हातानं धुवायचं. रॉकेल आणि जुन्या चिंध्या घेऊन सकाळपासून सगळे वाकलेले असायचे. कोपऱ्यातल्या लेथवर एक मुसलमान टर्नर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, कानाला पेन्सिल अडकवलेली, बोलणं कमी. त्यांनी त्या दिवशी लेथ अगदी चकचकीत करून ठेवला होता. मग पूजा सुरू झाली, तुम्ही त्यांच्या लेथला हार घातलात, कुंकू लावलंत आणि ते शांतपणे शेडबाहेर जाऊन उभे राहिले. दरवर्षीच राहायचे म्हणे. मला काय सुचलं कोण जाणे, पोरांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "आरती आली की चाचा पळतात बघा." दोघंतिघं हसले. तुम्ही आरतीचं ताट खाली ठेवलंत. आवाज चढवला नाहीत, पण सगळ्या शेडला ऐकू आलं. "बाहेर जा. त्यांच्याशेजारी उभा राहा. एकट्याला चहा प्यायला लावू नकोस त्यांना." माझे कान तापले. मी बाहेर गेलो. चाचांनी त्यांच्या ग्लासातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिला आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं. मी तुमच्याशी पुढं कितीतरी दिवस धड बोललो नव्हतो.

आता गेल्या वर्षीचं ऐका. आमच्याकडे पत्रा दाबून भाग काढणारे प्रेस आहेत. प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सेन्सरच्या उभ्या काचेच्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधून हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो. तुमच्या वेळी हे नव्हतं, आणि तुमच्याबरोबरच्या किती माणसांची बोटं अर्धी होती ते मी लहानपणापासून पाहिलंय. तर गेल्या खंडेनवमीला पोरांनी उत्साहाच्या भरात मोठ्या प्रेसच्या त्या काचेवरच गंध-कुंकवानं स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत. दसऱ्याची सुट्टी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस काही चालेना. चालू केला की थांबायचा. त्या प्रेसवर ठेकेदाराकडून आलेला एक ऑपरेटर होता, श्रीवर्धनच्या बाजूचा मुसलमान, तिशीचा, बायको आणि लहान मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहणारा. मराठी त्याची माझ्यापेक्षा चांगली. सुपरवायझर म्हणत होता, सेन्सर बायपास कर आणि चालव. तो म्हणाला, तसं मी चालवणार नाही, आणि मला बोलवायला आला.

मी खाली गेलो, पाहिलं, म्हणालो, "अरे, काच झाकलीये. पूस ते आणि कर चालू, आज गाडी भरायची आहे." तो हातात फडका घेऊन तसाच उभा. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, मी नको. दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना." मला घाई होती. आणि खरं सांगतो, मला त्याचा जरा रागही आला. म्हटलं, हे काय नाटक, आमच्यात असलं कुणी मनात आणत नाही. मी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन नको घेऊस. मी आहे ना." एवढं बोलून मी वर ऑफिसात निघून गेलो. त्यानं पुसलं, प्रेस चालू झाला, आणि वर बसून त्याचे ठोके ऐकत मी चहा मागवला.

चहाच्या सुट्टीपर्यंत शेडभर झालं होतं की त्यानं स्वस्तिक पुसलं. त्याच सकाळी ड्रिलिंगवाल्या पोरानं मीटरवरच्या अक्षता फुंकून उडवल्या होत्या आणि वेल्डरनं सुकलेला हार कचऱ्याच्या पिंपात टाकला होता. त्याचं कुणाला काही नव्हतं, ती साफसफाई. जेवणानंतर कुणी मशीनवर जाईना. खाडीकाठच्या गावातला, जमीन गेल्यावर कामाला लागलेला एक जुना फिटर आहे आमच्याकडे. एरवी कुणाच्याही अडीनडीला धावणारा माणूस, पण त्या दिवशी तोच पुढं. "सर, आमचे देवाला फडका मारला त्यानं. आमी हे सहन करनार नाय. त्याला इथं ठेवायचा नाय म्हंजे नाय." मागून एक पोरगा ओरडला, "मुद्दाम केलंय सर, त्यांच्यात शिकवतातच तसं. पोलीस कम्प्लेंट करू." मी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. शांत राहा, एवढंच सांगितलं.

मालक आले. ऑपरेटरला माझ्या केबिनमध्ये बोलावलं, फिटर आणि आणखी दोघं होतेच. तो म्हणाला, "मी माझ्या मनानं काही केलं नाही. सरांनी सांगितलं म्हणून पुसलं." सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. अण्णा, एका वाक्याचं काम होतं. हो, मी सांगितलं, आणि तो नको म्हणत असताना सांगितलं. मी म्हणालो, "मी सेन्सर पुसायला सांगितला होता." खरं आहे ना? अक्षर न् अक्षर खरं. स्वस्तिक त्याच काचेवर होतं हे मी बोललो नाही आणि मला कुणी विचारलं नाही, कारण माझं उत्तर सगळ्यांच्याच सोयीचं होतं. फिटर म्हणाला, "बघा, सर पन तेच बोलतान." ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटलो.

मग सगळ्यांना बाहेर पाठवून मालकांनी वकिलांना फोन लावला, आमच्या लेबरच्या केसेस बघतात ते. फोन स्पीकरवर होता. वकील म्हणाले, "भावना दुखावल्याचं कलम असं उठून लागत नाही. हेतू लागतो, मुद्दाम केलं हे दाखवावं लागतं. आणि धर्माचं स्वातंत्र्य आहे तशा त्याला मर्यादाही आहेत, सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य. माणसाचे हात वाचवणाऱ्या काचेवर कुंकू मुळात लावायलाच नको होतं. त्याला कुणी पुसायला सांगितलं असेल तर विषयच संपला. सांगितलं होतं का कुणी?" कायदा असा दार उघडून उभा होता आणि मी म्हणालो, "मी तिथं थांबलो नव्हतो." हेही खरंच. मालक वैतागले होते. "ते सोडा हो. एका माणसासाठी अख्खी लाईन बंद ठेवू का? मला एवढं सांगा, त्याला काढला आणि धर्मावरून काढला म्हणून तो कोर्टात गेला तर?" वकील म्हणाले, "घटनेतलं ते स्वातंत्र्य मुख्यतः सरकारकडं मागायचं असतं. खासगी कंपनीविरुद्ध त्याला रस्ते आहेत, पण लांबचे. आणि तो ठेकेदाराचा माणूस. उद्यापासून पाठवू नकोस एवढं ठेकेदाराला सांगितलंत की धर्म हा शब्दही कुठं येत नाही." ठेकेदाराला फोन मी केला. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच म्हणालो, मी करतो.

त्यानंतर बरेच दिवस मी तुमच्यात खोट शोधत होतो. सापडली तेव्हा मला आनंद झाला, इतका मी खाली आलो होतो. जुईनगरचं घर विकायला काढलं होतं तेव्हाची गोष्ट. एजंट एका मुसलमान शिक्षकाला घेऊन आला होता, बरोबर त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स. दोघांना घर पसंत पडलेलं. ते खाली उतरल्यावर तुम्ही एजंटला म्हणालात, "माणसं चांगली आहेत हो, पण शेजारी काय म्हणतील? आपल्यातलं बघा कुणीतरी." आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ती कप घेऊन बाहेर आली. "मग तिला अख्खं घर कशाला दाखवलंत? माझ्या ओट्यापाशी उभी राहून, मिक्सर कुठं ठेवता, विचारत होती ती. मनात भांडी लावून झाली असतील तिची." तुम्ही पेपर उघडून तोंडासमोर धरलात. हे आठवलं आणि मी स्वतःला म्हटलं, चला, अण्णासुद्धा. पण ते समाधान काही टिकलं नाही. तुम्ही शेजाऱ्यांच्या आडून का होईना, जे करत होतात ते तोंडानं बोललात, आणि आईचं ऐकून घेतलंत. मी काही केलंच नाही अशा थाटात वर्षभर त्याच शेडमधून फिरतोय. चाचांशेजारी मला उभं करणारे तुम्हीच आणि त्या बाईंना परत पाठवणारेही तुम्हीच. मी नेमका तुमचा दुसरा गुण उचलला आणि त्यात भर घातली.

यंदा पूजेच्या आधी मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की सेन्सर, मीटर आणि मशीन थांबवायचं लाल बटण यांना गंध-कुंकू लावायचं नाही, पूजा मशीनच्या अंगावर करा. कुणी विरोध केला तर काय बोलायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तोच फिटर म्हणाला, "बरोबर हाय सर. देव काय बटनावर थोडाच बसलाय." सगळे हसले, कामाला लागले. संपलं. कुणाची भावना दुखावली नाही, कुणाला पोलीस आठवले नाहीत. सेफ्टीत सुधारणा केली म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली. मोठ्या प्रेसची काच स्वच्छ होती, बाजूला झेंडूचा हार, नवा ऑपरेटर हात जोडून उभा. मी नारळ फोडला तेव्हा पाणी माझ्या बुटावर उडालं.

आणि काल, दसऱ्याच्या सुट्टीत, गेल्या वर्षीच्या त्या ऑपरेटरचा फोन आला. "सर, ओळखलंत का?" आवाजावरूनच ओळखलं. वर्षभर पार्सलं पोचवत फिरत होता. आता महाप्याच्या एका कंपनीत प्रेसवर घेतायत, पण आधीच्या ठिकाणाहून असा एका दिवसात अचानक का गेलास, हे विचारतायत. म्हणाला, "तुमचा नंबर दिलाय सर. फोन आला तर जे झालं ते सांगा. बाकी काही नको." मी म्हटलं, नक्की. आज सकाळी तिथल्या एका बाईंचा फोन आला. मी त्याची तोंडभरून स्तुती केली. कामात चोख, सेफ्टीच्या बाबतीत सुपरवायझरचंही ऐकत नाही. "मग असा माणूस सोडला कसा तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी केबिनचं दार लागलंय का ते पाहिलं. लागलेलं होतं. बाहेर कुणी नव्हतं, मालक नव्हते, फिटर नव्हता, भ्यायला समोर कुणीही नव्हतं. मी म्हणालो, "त्याची काहीतरी घरची अडचण होती."

दुपारी पुन्हा त्याचा फोन. "काम झालं सर. थँक यू." मी म्हणालो, "अरे, त्यात काय." त्यानं फोन ठेवला नाही. मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाला, "त्या मॅडम विचारत होत्या, घरचं सगळं ठीक झालं का म्हणून. मी हो म्हणालो." आणि त्यानं फोन ठेवला.

हे सगळं त्याला लिहायला हवं होतं, किंवा उद्या सकाळी शेडमध्ये उभं राहून मोठ्यानं बोलायला हवं. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं. एक गोष्ट तेवढी राहिली, ती सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला मी म्हणालो, आज एका गरजू माणसाला नोकरी लावून दिली. ती म्हणाली, बरं केलंस. आणि अण्णा, मला बरं वाटलं.