सतरा नंबरची नळी

प्रिय ताई,

काल तू फोनवर आमवाताचं निदान सांगितलंस आणि मी तुझ्यावरच खेकसले. बोटं वाकडी होईपर्यंत कात्री चालवलीस, डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती, असं काहीबाही बोलले. तू गप्प राहिलीस. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

इथे प्रयोगशाळेतही सगळं वैतागवाणंच आहे. फ्रीझर दोनदा बंद पडला आणि तीन वर्षांचं काम पाहून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, आकडे जुळत नाहीत, पहिल्यापासून बघ. माझं काम काय, हे तू एकदा विचारलं होतंस. तुला नाही कळणार म्हणून मी उडवून लावलं. आता सांगते. तू तयार सदऱ्याला इथे टाचतेस, तिथे उसवतेस, तसं शरीरही आपल्या प्रथिनांत बारीक फेरफार करत असतं. जंतू शिरले की अशाच फेरफारांनी शरीराचे पहारेकरी जागे होतात, काम झालं की शांत होतात. पण कधी आपल्याच प्रथिनाचं नको ते बटण बदललं जातं. मग पहारेकऱ्याला घरचा माणूस परका वाटतो आणि तो त्याला बडवत सुटतो. सांध्यांत हेच झालं की तुझा आजार. त्याची खूण रक्तात दुखण्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडू शकते. ती शोधणं हेच माझं काम.

तीन वर्षांपूर्वी मला निरोगी माणसांचं रक्त कमी पडत होतं, आठवतं? तू सुट्टीला आली होतीस. हसत बाही वर केलीस आणि वाढदिवसाची तारीख म्हणून सतरा नंबरची नळी मागून घेतलीस. म्हणालीस, "घे, माझ्या रक्ताला एरवी कोण विचारतंय."

आज सकाळी मॅडमसाठी जुनी वही काढली. सतरा नंबरच्या नळीत ती खूण भरपूर होती. समोर माझंच अक्षर: 'निरोगी गट. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. वगळावी.' मी पुन्हा तपासलंसुद्धा नाही, ताई. काखेत कळसा नि गावाला वळसा. तेव्हाच लक्ष दिलं असतं तर बोटं कदाचित वाचली असती, आणि ओरडले मात्र तुझ्यावर. मॅडमना सगळं सांगितलं. सोमवारी सांधेतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, मी न्यायला येते. तीन बोटं अजून सरळ आहेत म्हणालीस, ती वाचवायची आहेत. वाटेत तुला हवं ते मला बोल. फक्त कालच्यासारखी गप्प राहू नकोस.

जिचे अपराध तू लहानपणापासून पोटात घालत आलीस ती,
तुझीच धाकटी