दा-इनसाठी एकशे चौदा शब्द

३ मार्च, मंगळवार

वर्गात एकवीस पोरी आणि एक म्हातारी. म्हातारी मी. एकीने मला दारातच सांगितलं, "मावशी, सोडायला आलेल्यांनी बाहेर बसायचं." मी जाऊन तिच्याच बाकावर बसले.

या सगळ्या सायगॉनकडच्या खेड्यांतून कोरियाला निघालेल्या. कुणी कारखान्यात, कुणी नवऱ्याकडे. नऊ वर्षांपूर्वी आमची थाम अशीच याच गावात शिकायला यायची. काय शिकली कोण जाणे. आता नवऱ्याशी काडीमोड झाला, कारखान्यात दोन पाळ्या करते, आणि पोरीला माझ्याकडे पाठवतेय. मे महिन्याच्या शेवटी. परवा फोनवर म्हणाली, "आई, दा-इन आपली भाषा बोलत नाही."

सहा वर्षांची झाली पोर. सहा वर्षांत आईला आपल्या भाषेतला एक शब्द पोरीच्या तोंडात घालता आला नाही. म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी बाकावर बसायचं. वा रे माझी लेक.

५ मार्च, गुरुवार

मास्तरीण आहे तुयेत नावाची, सव्वीस वर्षांची. रोज वीस शब्द देते, एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द असलेल्या कागदांवर. आजचे शब्द — कंपनी, करार, रजा, विभाग, साहेब.

मी हात वर केला. विचारलं, "सहा वर्षांची पोर माझ्याशी करार करणार आहे का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. तुयेत म्हणाली, "सहाव्या मावशी, हे परीक्षेला येतात." आमच्याकडे नावाने नाही, घरातल्या क्रमाने हाक मारतात; मी सहावी.

माझी परीक्षा सहा वर्षांची आहे, आणि ती विमानाने येणार आहे. पण हे सांगून उपयोग काय.

१० मार्च, मंगळवार

आजची युक्ती — घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, येता-जाता वाचा.

चिकटवल्या. पाण्याच्या रांजणावर, दारावर, कपाटावर, चुलीवर. चुलीवरची वाफेने तासाभरात गळून पडली. बदकांना चिकटत नाही. शेजारच्या आठव्या वहिनी अंडी मागायला आल्या आणि घरभर फिरून बघत बसल्या. "सहाव्या ताई, घर विकायला काढलंत का?"

१२ मार्च, गुरुवार

कपाटासमोर उभी राहिले की कपाटाचा शब्द आठवतो. वर्गात आठवला नाही. चिठ्ठी कुठल्या कोपऱ्यात चिकटली होती ते आठवलं, तिची उजवी बाजू फाटली होती ते आठवलं, शब्द सोडून सगळं आठवलं. आता काय कपाट डोक्यावर घेऊन वर्गात जाऊ?

चिठ्ठ्या काढल्या. तांदळाचे पापड घालताना चुलीत टाकल्या. तुसाबरोबर बऱ्या जळतात.

१९ मार्च, गुरुवार

नवीन युक्ती. परका शब्द आपल्या ओळखीच्या कशाशी तरी बांधायचा. जितकं विचित्र, तितकं पक्कं म्हणे.

तिकडे 'आपा' म्हणजे दुखतंय. आणि 'आप्पा' म्हणजे बाबा. पोरी अर्धा तास घोळ घालत बसल्या. मी एका झटक्यात पाठ केले — बाप म्हणजे दुखणं, जरा जोर देऊन. जावयाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की दोन्ही येतात.

तुयेतला सांगितलं. ती आधी हसली, मग फळा पुसायला लागली. चला, बाईंची एक युक्ती तरी कामाला आली.

आणखी एक. आईच्या आईला तिकडे 'वे-हालमोनी' म्हणतात. 'वे' म्हणजे बाहेरची. आपल्याकडेही तसंच, आईच्या आईला आपणही बाहेरची आजीच म्हणतो. दोघांनी हा शब्द जुन्या चिनी लोकांकडून घेतला, असं तुयेत म्हणते, आणि असे शेकड्यांनी शब्द आहेत. "मावशी, अर्धी भाषा तुम्हाला आधीच येते."

म्हणजे भाषा कुठलीही घ्या, मी बाहेरचीच. हा शब्द पाठ करावा लागला नाही.

२ एप्रिल, गुरुवार

माझ्या बाकावर लान्ह बसते. एकोणीस वर्षांची. वीसच्या वीस शब्द पोपटासारखे म्हणते आणि शाबासकी घेते. आज मी मुद्दाम गेल्या आठवड्यातला एक विचारला. कोरी पाटी. रात्री भरायचं, सकाळी वर्गात ओतायचं, दुपारी पुन्हा धुतलेलं भांडं. याला म्हणे हुशारी.

तिचा नवरा ठरलाय, सेहेचाळीस वर्षांचा. एकदाच बघितला, दुभाष्याबरोबर. या महिन्याच्या शेवटी जाणार.

सुट्टीत मी तिला विचारलं, "'नको'ला काय म्हणतात?"

तिने कागद चाळले. "यादीत नाही, मावशी."

"बघ नीट."

"नाहीये. 'हो' आहे. 'धन्यवाद' तीन प्रकारचे आहेत."

पाचशे शब्दांची यादी, आणि त्यात 'नको' नाही. मी सरळ तुयेतसमोर जाऊन उभी राहिले. तिनेही यादी वरून खाली वाचली आणि कानापर्यंत लाल झाली. मग फळ्यावर लिहिलं — 'शिरोयो'. नको, मला आवडत नाही.

लान्हला तो वीस वेळा लिहायला लावला. नंतर मोठ्याने म्हणायला लावला. पहिल्यांदा म्हणाली ती इतकी हळू, जणू माफी मागतेय. "माणूस सोड, असल्या 'नको'ने माशीसुद्धा उडायची नाही," मी म्हटलं. आठव्या वेळी जमलं.

थामच्या वेळी बाकावर शेजारी कोण होतं, कुणास ठाऊक.

१४ एप्रिल, मंगळवार

कागद, चित्रं, गाणी — सगळं सोडलं. माझी पद्धत मीच काढली. चुलीवर उकळत्या हंड्याला बांधलेल्या फडक्यावर पळीभर पीठ ओतायचं, शब्द म्हणायचा. झाकण. पापड उचलून बांबूच्या तट्टीवर टाकायचा, शब्द म्हणायचा. दुपारी उन्हात पापड उलटताना त्याच क्रमाने पुन्हा. संध्याकाळी सोडवताना पुन्हा. अडला तर उद्या पहिला पापड त्याचा.

शब्द माझे, यादी माझी. भूक. तहान. शू. दुखतंय. कुठे? भीती. ये. बस. गरम आहे, फुंकर मार. मी आहे. आई येईल.

तुयेतला सांगितलं तर ती नाचायची बाकी. "मावशी, अभ्यासाच्या पुस्तकात हेच लिहिलंय. शब्द विसरायच्या बेतात असतानाच परत म्हणायचा."

पुस्तकवाल्यांना हे कळायला पुस्तक लिहावं लागलं. पीठ भिजवलं असतं तर आठवड्यात कळलं असतं.

२८ एप्रिल, मंगळवार

लान्ह गेली. कागदांचा गठ्ठा बाकावरच राहिला. मुद्दाम की विसरून, माहीत नाही.

१२ मे, मंगळवार

एकशे चौदा शब्द. सगळे पक्के. तुयेतने उलटसुलट विचारले, एकही चुकला नाही. "उच्चारही छान आहे," म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कशाला टाळ्या? सहा वर्षांच्या कोरियन पोरीला यापेक्षा जास्त येत असेल.

२४ मे, रविवार

काल सायगॉनच्या विमानतळावर गेले. थामची एक मैत्रीण सुट्टीवर येत होती, तिने दा-इनला आणलं. केस कानापर्यंत कापलेले, पाठीवर दप्तर, डोळे थेट थामचे. मी गुडघ्यांवर बसून दोन महिने घोकलेलं वाक्य म्हटलं — मी तुझी आजी, भूक लागली का?

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या चपलांकडे.

पुन्हा म्हटलं. काही नाही. बसमध्ये चार तासांत तहान, शू, झोप, सगळं विचारून झालं. मान हलवते. तोंडातून अक्षर नाही.

२७ मे, बुधवार

जेवते. भात, तळलेला मासा, अंडं, सगळं खाते. बदकांमागे फिरते. बोलत नाही. एकशे चौदातले नव्वद तरी शब्द वापरून झाले.

आठव्या वहिनी म्हणतात, "मुकी आहे का हो?"

"तुम्हाला रोज बघून कुणाचीही वाचा बसेल," मी म्हटलं.

३० मे, शनिवार

तुयेतला फोन लावला. तिला माझे शब्द म्हणून दाखवले. "मावशी, अगदी स्पष्ट कळतंय. तिला द्या बरं फोन."

दिला. दा-इनने फोन कानाला लावला, आणि कोरियनमध्ये दोनदा 'हो' म्हणाली. एकदा नावही सांगितलं. छान, खणखणीत आवाज.

म्हणजे बोलते. माझ्याशीच बोलत नाही.

३१ मे, रविवार

काहीच लिहायचं नाही.

२ जून, मंगळवार

आज आठव्या वहिनींनी पुन्हा विषय काढला आणि माझाही तोल सुटला. पापड सोडवता सोडवता बोलत सुटले. म्हटलं, चूक पोरीची नाहीच, हिच्या आईची आहे. परक्या घरात गेली आणि आपली जीभ त्यांच्या चरणी ठेवून बसली. सासू बस म्हणाली की बसायची, ऊठ म्हणाली की उठायची. पोरीला स्वतःची भाषा द्यायची तेवढीसुद्धा हिंमत नाही. अशी बावळट लेक देवाने कुणाला देऊ नये.

वहिनी म्हणाल्या, "ताई, हळू. पोर इथेच बसलीय."

"तिला काय कळतंय डोंबल," मी म्हटलं.

दा-इन उठून गेली. शोधली तर रांजणांच्या मागे, गुडघ्यात डोकं घालून. जेवायला आली नाही. पोटावर हात ठेवून मी विचारलं, "आपा?" दुखतंय का? तिने मान हलवली, नाही. मग मी माझे सगळे शब्द एकेक करून विचारले. भूक? भीती? ताप? एकालाही हो म्हणाली नाही.

तुयेतच्या पुस्तकात याच्यावर काही युक्ती असेल तर बघायला हवी.

५ जून, शुक्रवार

सकाळी तट्ट्या उन्हात लावत होते. दा-इन आली. फाटकाकडे बघितलं, रस्त्यावर कुणी नव्हतं. माझी बाही ओढून खाली वाकवलं आणि कानात बोलली. आपल्या भाषेत. आमच्या ओ मोनच्या बोलीत, थाम बोलते तसे शब्दांचे शेवट खाऊन.

"आजी, इथे मोठ्याने बोललं तर चालतं? तिकडे आई फक्त आंघोळीच्या खोलीत नळ सोडून बोलायची. तिकडच्या आजीला ऐकू गेलं की आईला मार बसायचा. म्हणून मी कुणासमोर बोलत नाही. तू पण तिकडच्या आजीसारखंच बोलायचीस."

मी हातातली तट्टी खाली ठेवली आणि म्हटलं, चालतं.

ती दोन पावलं मागे सरकली, आणि मोठ्याने म्हणाली, "मग आईला वाईट बोलू नको."