बेलभंडाऱ्याचं ताट

आत्ती, तुमची सून लिहितेय. चौथीपर्यंतच शिकलेय, तेव्हा अक्षराला हसू नका, तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं. कागद म्हणून निवडणुकीची उरलेली पत्रकं घेतलीत. एका बाजूला माझ्या सुनेचा हात जोडलेला फोटो आणि खाली शिलाई मशीनचं चिन्ह, दुसरी बाजू कोरी. असला गठ्ठाच पडलाय घरात. रिक्षावरचे भोंगे बंद झाले तरी कानात वाजतायत. दमलेय मी, म्हणून बसलेय.

पंचायतीची निवडणूक झाली. आपल्या वॉर्डात बाईची जागा पडली आणि माझी सून उभी राहिली. नवऱ्यानं उभी केली असं गाव म्हणतं, तसं नाही. उन्हाळ्यात मागच्या आळीचा नळ कोरडा पडला तेव्हा ती पंचायतीत सांगायला गेली, तर तिथं बसलेल्यानं मान वर न करता नवऱ्याला पाठवा म्हणून सांगितलं. घरी आली, कळशी आपटली आणि आता मीच जाऊन बसते तिथं म्हणाली. मला वाटलं दोन दिवसांत उतरेल. नाही उतरलं.

निवडणूक म्हटलं की मला तुमची चूल दिसते. मी नवी नवरी. दिवेलागणीला गावातली माणसं दारात उभी, हातात ताट, ताटात भंडारा, देवळातली हळद, आणि वर बेलाची पानं. घरातल्या प्रत्येकानं चिमूट उचलून मत कुणाला ते देवासमोर बोलून टाकायचं, म्हणजे मागून फुटायची सोय नाही. मामंजींनी उचलला. दिरानं उचलला. तुम्ही भाकरी थापताय. मामंजींनी दोनदा हाक मारली, तेव्हा तव्यावरची नजर न काढता तुम्ही बोललात, “मत माझं हाय आणि देव बी माझा हाय. दोन्ही एकदम मागायला आलाय, एवढी माझी ऐपत न्हाई.” ताट घेऊन आलेला माणूस हसला. पण जाताना म्हशीकडं बघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच डेअरीत आपल्या दुधाला फॅट लागेना. म्हैस तीच, वैरण तीच, आणि दुधात पाणी आहे म्हणून कॅन परत. मामंजी तुमच्याशी बोलायचे बंद झाले. तुम्ही त्या दुधाचं दही लावलंत, आणि रवी दिलीत माझ्या हातात. ताक घुसळून घुसळून तळहाताला फोड आले. तूप कढवायचं, गुरुवारच्या बाजारात नेऊन विकायचं, परत तेच. एकदा मी चिडून म्हटलं की चिमूटभर हळद उचलली असती तर तुमचं काय झिजलं असतं. तुम्ही ताकावरचा लोण्याचा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवलात. “खा. तोंड बंद ऱ्हाईल.”

आता ऐका. मतदानाच्या आधी तुमचा नातू, माझा लेक, देवळातनं भंडाऱ्याची पुडी घेऊन आला. आळीतल्या बायका आपल्याच घरी बोलवूया म्हणाला, तुमच्या देवघरासमोर. ताट मी धरायचं. आपल्याच घरी का, तर म्हणे ह्या घरात उचललेला भंडारा कुणी मोडणार नाही, आजी अख्ख्या गावाला भ्याली नाही पण देवाला भ्यायची, हे सगळ्यांना माहीत आहे. मला हसू आलं. तुम्ही उचलला नाही म्हणून ह्या घराला वजन, आणि ते वजन घालून हा बायकांना उचलायला लावणार.

सून स्वयंपाकघरात आली. आत येऊन कपाटाला टेकून उभी राहिली. विरोधातल्या पार्टीनं निम्म्या आळीकडनं आधीच भंडारा उचलून घेतला होता. ती मला म्हणाली, “आत्ती, तुमी नको म्हणा, मी ताट काढत न्हाई. पण पडले तर नळाचं सांगायला परत ह्यांनाच पाठवावं लागंल.” शहाणी आहे. सगळं माझ्या डोक्यावर ठेवून गेली.

तुमच्यासारखं तोंडावर नाही म्हणायला अंगात बळ लागतं. ते आता नाही. आणि तुमच्या देवासमोर खरं ताट धरायचं, तेही होईना. मग मी काय केलं, तर पुडी देवघरात तसबिरीमागं सारली आणि ताटात बेसन ओतलं. रंगाला वरून मिसळणाच्या डब्यातली हळद भुरभुरली, बेल ठेवला. बायका आल्या, चिमूट उचलली, कपाळाला लावली, बोलायचं ते बोलल्या. शेजारची म्हातारी बोटं चोळत म्हणाली, “काय गं, भंडारा लई मऊ लागतोय.” म्हटलं, “नव्या गिरणीचा हाय.” ती माझ्याकडं बघत पदराला बोटं पुसून उठली.

सून निवडून आली. गुलाल, फटाके, तांबडा-पांढरा रस्सा, सगळं झालं. मी आत पडून होते. देवाला फसवलं नाही, असं मनाला सांगत होते. आज तीच म्हातारी आली. सून चहा ठेवत होती. म्हातारी तिला म्हणाली, “माझं मत तुलाच होतं की बाई. नळासाठनं तू पंचायतीत गेलतीस, त्याच दिवशी ठरीवलं होतं. मग उचलाय कशाला लावलंस? माझ्या मनानं द्यायचं ऱ्हाऊनच गेलं.” सुनेनं चहा गाळून पुढं ठेवला. मी ऐकलं आणि कपबशीत बघत बसले. ताटात बेसन होतं की हळद, त्यानं काही फरक पडत नाही, आत्ती. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं, आणि मला म्हातारी होऊन चहा पिताना.

ती गेल्यावर सून झुणक्याला पीठ बघायला उठली. डबा रिकामा. देवघरातलं ताट अजून तसंच होतं. तिनं डब्यात बघितलं, मग ताटात, मग माझ्याकडं. पुढच्या बारीला ताटच काढायचं नाही म्हणाली, आणि दुकानाला निघून गेली.

ही पत्रकं उद्या बंबात घालणार आहे, हेही त्यातच जाईल. तुम्हाला कुठं वाचता येतंय. एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या दिवशीचं लोणी मी तोंड वाकडं करून खाल्लं. मला आणखी एक गोळा हवा होता. मागितला नाही.