पुढची गार, मागची गरम

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मामी मध्ये पडून निरोप सांगते तो अर्धा तिच्या मनचा असतो, म्हणून लिहिते. ब्रेक दुरुस्त करण्यात अडतीस वर्षं घालवलेला माणूस घरात असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ?

मी बाबांची गाडी बाहेर काढली. तीन वर्षं गॅरेजमध्ये उभी होती, म्हणजे बाबा गेले तेव्हापासून. वरच्या पाण्याच्या टाकीच्या वळणावर स्टिअरिंगवरच त्यांचं हृदय थांबलं आणि गाडी आपसूक उतारावर घसरत कठड्याला टेकली, त्याचा बंपरवर एवढासा पोचा आहे, बाकी काही नाही. मला वाटलं बॅटरी मेलेली असणार. पण पहिल्याच खटक्याला चालू झाली! मी बाईसाहेबांची पाठ थोपटली.

मात्र ब्रेक नीट लागत नाहीत. पाय दाबला की नाक खाली जातं आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. मागचे ब्रेक नुसते नावाला आहेत. त्यात ही तरणीबांड असल्यापासून धावायलाच जन्मलेली. आमचं घर उताराच्या पायथ्याशी. तू सांग, कुठून सुरुवात करू? प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते, हाताला बारीक कामाची सवय आहे.

आई बरी आहे. गाडीविषयी विचारलं तर म्हणाली, आहे तशी राहू दे.

मामीला नमस्कार. रागावला असलास तरी उत्तर लिहीच.
तुझी,
किटली


ता. ८ फेब्रुवारी

चि. किटली हिस अनेक आशीर्वाद.

रागावलोय कशाला? मला चांगलं काम मिळालं. मामी म्हणते, भाचीला कवळ्या सोडून हे काय सुचलं. तिला सांगितलं, दोन्ही चावायचीच कामं आहेत.

आधी काहीही उघडू नकोस. सपाट रस्त्यावर एक फेरी मार, आठदहा वेळा जोरात ब्रेक लाव, थांब आणि चारी चाकांपाशी तळहात ने. हात टेकवू नकोस, भाजशील. जे चाक काम करतं ते गरम, जे आळशी ते गार. मग चाकाच्या जाळीतून आतली लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, बघ. तीन वर्षं उभ्या गाडीच्या चारी डिस्क गंजलेल्या असणार. पुढच्या चाकांच्या डिस्क दोन फेऱ्यांत साफ होतात, मागच्यांचा गंज राहतो. बहुतेक तेवढंच असेल.

उतारावर जायचं नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

तुझ्या आईला, आमच्या धाकटीला, माझा आशीर्वाद सांग. माझी बहीण पत्र लिहायचीच विसरली की काय?
तुझा,
मामा


ता. १३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं सगळं ऐकलं. पुढची चाकं तापली, मागची जवळजवळ गार. इथवर तू म्हणालास तसंच.

पण डिस्कचं उलटं आहे. गंजाचे चट्टे आहेत ते पुढच्यांवर. मागच्या आरशासारख्या चकाकतात, कडेला निळसर झाक आहे. बराच वेळ आचेवर राहिलेल्या तव्यासारखी. मी टॉर्च लावून दोनदा पाहिलं.

आणि आणखी एक. काल गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. दीडच्या सुमाराला घरी आले ते सरळ गॅरेजमध्ये गेले, कपडेसुद्धा बदलले नाहीत. मागचं चाक चाचपायला हात घातला आणि बोट भाजलं. फोड आलाय. दुसरं मागचंही तसंच तापलेलं. पुढची दोन्ही थंडगार. गाडी मी मंगळवारच्या फेरीनंतर हलवलेली नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, दार बंद होतं.

आईला विचारलं, कुणी आलं होतं का. ती म्हणाली, बाहेरचं कुणी नाही. मला ‘बाहेरचं’ हा शब्द जरा लागला.

ऊन लागून तापत असतील का रे? हो म्हण.
तुझी,
किटली


ता. १७ फेब्रुवारी

चि. किटली हिस अनेक आशीर्वाद.

बोटाला काही लावलंस का? आधी ते कर.

हो म्हणता येत नाही. बंद गॅरेजमधल्या उन्हाने दोनच चाकं तापत नाहीत. नीट वाच. पायाचा ब्रेक चारी चाकांवर चालतो, हाताचा फक्त मागच्या दोनवर. पुढची गार आणि मागची पोळणारी, याचा अर्थ गाडी चालली, कुणी पायाने ब्रेक दाबलाच नाही आणि हँडब्रेक ओढलेला होता. असं एकदा नाही, पुष्कळदा झालंय. त्याशिवाय डिस्क निळ्या होत नाहीत. डिस्कवर घासणारे पॅड भाजून काचेसारखे गुळगुळीत झाले, ब्रेकचं तेल उकळून नळीत बुडबुडे झाले. म्हणून तुझ्या पायाला मागचे ब्रेक साथ देत नाहीत. आजार सापडला.

तो कुणी केला ते कळत नाही. इतक्या वर्षांत मी अनाडी ड्रायव्हर खूप पाहिले, पण उतारावर पायाचा ब्रेक अजिबात न वापरणारा एकही पाहिला नाही. ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाचा पाय आपोआप जातो.

मीटरचा आकडा लिहून ठेव. दुसरी किल्ली कुठे आहे ते शोध. घाबरू नकोस, आणि पत्राला उशीर करू नकोस.
मामा


ता. २१ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

गुरुवारी मीटर चार किलोमीटर पुढे गेला. टाकीच्या वळणापर्यंत जाऊन यायला बरोबर तेवढेच होतात.

कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसली. म्हणाली, दर गुरुवारी भर दुपारी आईला फिरवून आणतेस, चांगली पोरगी आहेस. मी विचारलं, आई कुठल्या बाजूला बसलेली असते. म्हणाली, शेजारच्या सीटवर, आणखी कुठे? ड्रायव्हर तिला कधी नीट दिसलाच नाही, काचेवर ऊन चमकतं. तिने आपलं मलाच धरलं.

बाबा गेले तो गुरुवारच होता. वेळही तीच.

मी आईसमोर बसले. ती काही लपवत नाही रे, हेच वाईट. हो, जाते म्हणाली, वळणापर्यंत. बाबांची किल्ली दवाखान्यातून घड्याळाबरोबर परत आली होती, ती तिच्या कपाटात आहे. मी विचारलं, गाडी कोण चालवतं? ती नळ बंद करायला उठली. नळ बंदच होता.

तिला गाडी येते का मामा? तूच सांग, तू तिला माझ्याआधीपासून ओळखतोस.
किटली


ता. २५ फेब्रुवारी

चि. किटली हिस अनेक आशीर्वाद.

येत नाही. लग्नाआधी मी तिला मोकळ्या मैदानात शिकवायला नेलं होतं. गाडी हलताच तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. पुन्हा कधी त्या जागी बसली नाही. पण माणूस एकटं पडलं की काय काय शिकतं, कुणाला माहीत. मी तरी असंच धरून चालणार आहे. तूही धर.

तिच्याशी भांडू नकोस. किल्ली हिसकावून घेतलीस तर ती पायी जाईल नाहीतर आणखी काही करेल. तिला अडवायचं कसं ते मी येऊन बघतो, मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. तोवर गाडी तिला दगा देणार नाही एवढं बघणं आपल्या हातात आहे. पार्सलने नवे पॅड आणि तेल पाठवलंय. डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा जो चिमटा आहे, त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या असतील, पुसून ग्रीस लाव. आतला पिस्टन दाबून मागे जात नाही, तो फिरवत फिरवत आत घालायचा. जबरदस्ती केलीस तर फुटेल. डिस्क पॉलिश पेपरने घास. शेवटी नळीतले बुडबुडे काढ. त्याला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. दाबला म्हटलं की तू स्क्रू सैल कर, तेल बाहेर पडलं की आवळ, मगच पाय सोडायला सांग.

कुणालातरी मदतीला घे.
मामा


ता. ३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

ब्रेक झाले. पिना खरंच चिकटल्या होत्या, जुने पॅड तर आमच्या चिनी मातीच्या दातांसारखे चकचकीत निघाले. दुपारपर्यंत मी अगदी खुशीत होते.

तेलाच्या वेळी मदतीला आईच आली, मी न बोलावता. माझी पाठ दाराकडे होती, मी मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेले. दार लागल्याचा आवाज आला. मी दाब म्हटलं, ती दाबला म्हणाली. तेल बुडबुड्यांसकट नळीत आलं. सोड म्हटलं, सोडला. असं वीसेक वेळा. एकदाही चूक नाही, घाई नाही. मी मनात म्हटलं, मामा चुकला, आईला गाडी चांगली समजते.

नळीतून स्वच्छ तेल यायला लागल्यावर हात पुसत उठले. आई शेजारच्या सीटवर होती. मांडी घालून बसलेली, मांडीवर विणकाम, चांगलं बोटभर पुढे गेलेलं. ड्रायव्हरचं दार आतून बंद.

मी आईकडून दार उघडून घेतलं. पेडल दाबून पाहिलं, दगडासारखं घट्ट. ती म्हणाली, आता बरं लागतं म्हणतायत.

मला रडू आलं, पण भीतीने नाही. का ते लिहिता येत नाही. तू लवकर ये.
किटली


ता. ७ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पोरीची पत्रं मला माहीत आहेत, ती ब्लॉटिंग पेपरवर उमटतात. वहिनीच्या डोळ्याला आराम पडला का? तिला म्हणावं, घाईने सुई ओवायला बसू नको.

तुम्ही दोघं माझ्यासाठी झुरताय म्हणून लिहायला बसले. त्या गुरुवारी ह्यांनी मला फिरायला चल म्हटलं होतं. शेजारची सीटसुद्धा पुसून ठेवली होती. मी कुठल्याशा फुसक्या गोष्टीवरून रुसले होते, गेले नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी घसरायच्या आधीच सगळं संपलं होतं. पण दादा, शेजारी कुणी असतं तर निदान हँडब्रेक ओढला असता. ते तसे घरंगळत गेले नसते. एवढंच माझ्या मनातून जात नव्हतं.

म्हणून मी जाऊन बसायला लागले. पुढच्याच गुरुवारी. मला वाटलं होतं, नुसती गॅरेजमध्ये बसून राहीन. बाकीचं तू मानू नकोस, मी आग्रह करत नाही. ते वळणावर पाय ब्रेकवर ठेवत नसत, तुला त्यांचा वेग ठाऊक आहे. मी वरपासून खालपर्यंत हँडब्रेक धरून ठेवायची. दर गुरुवारी. हात दुखून यायचा. गाडीचं काही बिघडत असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्हाला त्रास झाला.

परवा पुन्हा गेलो. उतार उतरताना, टाकीच्या अलीकडे ह्यांनी पाय दाबला. स्वतःहून. गाडी इतकी अलगद थांबली की मांडीवरचा लोकरीचा गुंडासुद्धा हलला नाही. मी हँडब्रेकवरचा हात काढून घेतला. त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि लागलं. मी बराच वेळ बसून राहिले. कावळे ओरडत होते, टाकीतलं पाणी कुठेतरी झिरपत होतं. मग कळलं की परत यायचे नाहीत.

पोरीला टाकीजवळच्या दुकानातून फोन केला आणि तिची वाट न पाहता घराकडे निघाले. ती कामावरून धावत आली. गाडी कडेला सरळ लावलेली होती, हँडब्रेक खाली. तिने तू शिकवलंस तसा चारी चाकांपाशी हात नेला. नंतर घरी मला म्हणाली, सगळी सारखीच गरम होती. मग तिथेच रस्त्यावर बसली आणि माझ्या नावाने लहानपणी मारायची तशा हाका मारत सुटली, पण मी तोवर अर्ध्या वाटेवर होते.

चालतच आले दादा. नाहीतर कशी येणार, मला गाडी कुठे येते?

आता तू येशील तेव्हा घाबरत येऊ नकोस, नुसता ये. आंघोळीचं पाणी तापवून ठेवते.
तुझी,
धाकटी