पाठीवरची टाकी

बाबा,

माशांना घर आणि आम्हा डायव्हरांना भटकायला जागा म्हणून बुडवलेल्या त्या भंगार जहाजात आज मी शिरले. तुम्ही गॅसकटरने पाडलेल्या प्रत्येक भोकातून आरपार गेले. पाठीवरची हवेची टाकी कुठेच घासली नाही.

वर आल्यावर तुमचा फोरमन म्हणाला, "तुझा बाप म्हणजे वल्ली! आठवडाभर पाठीला टाकी बांधून भोकाभोकातून रांगत होता. जरा अडकला की पुन्हा कापायचा."

मी पाण्यात जाऊ नये म्हणून तुम्ही माझी टाकी लपवलीत, असं समजून मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं.

हे पत्र काही पाठवणार नाही. तुम्ही गल्लीभर वाचून दाखवाल. पण दुसरं जहाज कापायला आलंय म्हणे. टाकी तुमच्या दाराशी ठेवून जाते.

तुमची तोंडाळ लेक